शून्याच्या अलीकडे-पलीकडे

पहिल्या सिलिंडरचा पिस्टन नेमका वर कधी पोचला, हे पिस्टनकडे बघून कळत नाही. हेड उतरवलेलं असलं, पिस्टनचं डोकं डोळ्यांसमोर असलं, त्यावर बॅटरी धरली, तरी नाही. झोपाळा टोकाला गेला की थबकल्यासारखा वाटतो, तसा पिस्टनही वरच्या टोकाला थबकतो, आणि हाताने सावकाश फिरवताना तर ते थबकणं चांगलंच लांबतं. फियाटच्या इंजिनाचा स्ट्रोक 75 मिलीमीटर. क्रँक टोकापासून पाच अंश अलीकडे असो की पलीकडे, पिस्टन पाव मिलीमीटरही उतरलेला नसतो. म्हणजे तब्बल दहा अंशांचा पट्टा असा, की क्रँक फिरतोय आणि पिस्टन मात्र ढिम्म. आणि कॅमचं टायमिंग बसवायचं तर सगळी मोजणी ह्याच टोकापासून सुरू होते.

फियाट म्हणजे अर्थात आपली प्रीमियर पद्मिनी. 1974 साली तिचं बारसं नव्याने झालं, पण मुंबईने तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलं. कुर्ल्याच्या कारखान्यातली. चार सिलिंडर, 68चा बोअर, 1089 सीसी. 2023च्या ऑक्टोबरअखेर हिची शेवटची काळी-पिवळी रस्त्यावरून उतरली तेव्हा पेपरांतून बरेच उसासे टाकले गेले. खाजगी गाड्या आमच्यासारख्यांच्या पार्किंगमध्ये अजून आहेत, आणि त्यांची इंजिनं अधूनमधून खोलावी लागतात. घरी खोलायला हे फार भलं इंजिन आहे. कॅम खाली ब्लॉकमध्ये, पुढच्या बाजूला क्रँककडून त्याच्याकडे जाणारी एक आखूड चेन, कॅमवर टॅपेट, टॅपेटवर पुशरॉड, वर हेडवर रॉकर. कुठे सेन्सर नाही, की काही उघडायला खास हत्यार लागत नाही. टायमिंग कव्हर काढलं की सगळा हिशेब समोर उघडा: लहान स्प्रॉकेट क्रँकचं, त्याच्या बरोबर दुप्पट दात्यांचं मोठं स्प्रॉकेट कॅमचं. क्रँकचे दोन फेरे, कॅमचा एक.

दोन्ही स्प्रॉकेटवर खुणा असतात. त्या जुळवून चेन चढवायची, की टायमिंग बसलं. गॅरेजात हे काम इतक्यावरच संपतं आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. टॅक्सीची इंजिनं बांधण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या एका मिस्त्रींना मी एकदा विचारलं होतं, की मार्क जुळल्यावर पुढे काही तपासता का? ते म्हणाले, "साहेब, संध्याकाळी गाडी धंद्यावर पाहिजे असते. मार्क जुळले, दोन चक्कर हाताने मारले, कुठे अडकलं नाही, कव्हर बंद." मला ह्या उत्तरात खोट काढता येत नाही. घरी काम करणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याची गाडी कुणी मागत नसते, त्यामुळे एकच प्रश्न दोनदा विचारायची चैन त्याला परवडते.

खुणांबद्दल एक सांगायला हवं. त्या फक्त क्रँक आणि कॅम एकमेकांशी जुळल्याचं सांगतात. त्या घडीला कोणता सिलिंडर फायरिंगवर आहे, हे त्यांना बघून समजत नाही. पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्ट संपताना, आणि दोन्ही वेळा दिसतो अगदी सारखा. बऱ्याच इंजिनांत खुणा समोरासमोर असतात तेव्हा पहिला नव्हे, चौथा सिलिंडर फायरिंगवर असतो. त्या भरवशावर डिस्ट्रिब्यूटर बसवला की तो सरळ उलटा बसतो. इंजिन कार्ब्युरेटरमधून खोकतं आणि दोष मात्र नुकत्याच बसवलेल्या कॅमला लागतो. खरं काय ते टॅपेट सांगतात. ह्या इंजिनाची फायरिंग ऑर्डर 1-3-4-2, म्हणजे एक आणि चार जोडीदार, दोन आणि तीन जोडीदार. चौथ्याचे दोन्ही टॅपेट बघत क्रँक सावकाश फिरवायचा. एक्झॉस्टचा टॅपेट खाली बसत येतो आणि तो पुरता बसायच्या आतच इनलेटचा उचलायला लागतो. एक उतरतोय, दुसरा चढतोय, अशी दोघांची अदलाबदल ज्या घडीला दिसते, त्या घडीला पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकावर असतो. हेड चढलेलं असेल तर प्लगच्या भोकावर अंगठा ठेवूनही हेच कळतं; कॉम्प्रेशनचा पिस्टन अंगठा उडवतो.

आता त्या न सापडणाऱ्या टोकाकडे. पुठ्ठ्याची एक तबकडी करायची आणि तिच्यावर घरातल्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने 360 अंश आखायचे. तबकडी मोठी हवी. वीस सेंटीमीटर व्यासाच्या तबकडीवर एक अंश म्हणजे पावणेदोन मिलीमीटर, डोळ्याला सहज दिसतो. लहान केली तर अर्धा अंश म्हणजे पेन्सिलीच्या रेघेची जाडी. ती क्रँकच्या नाकावर घट्ट बसवायची, आणि सायकलच्या स्पोकचा तुकडा वाकवून ब्लॉकच्या एखाद्या बोल्टखाली काट्यासारखा दाबायचा. पिस्टन अंदाजाने वर आणून काटा शून्यावर. हे शून्य खोटं आहे, ते ठाऊक असू द्यावं.

मग पहिल्या सिलिंडरवर आडवी लोखंडी पट्टी हेडच्या स्टडना कसायची. पट्टीच्या मध्यातून एक बोल्ट, त्याचं टोक बोअरमध्ये पाच-सहा मिलीमीटर उतरलेलं. आता पिस्टनला वर पोचताच येत नाही. क्रँक फिरवत न्यायचा, पिस्टन बोल्टला हळूच टेकला की थांबायचं, काटा वाचायचा. समजा शून्याच्या अलीकडे 28. मग उलट दिशेने सगळा फेरा फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवायचा. समजा पलीकडे 32. दोहोंचा मध्य शून्यापासून दोन अंश सरकलेला निघतो. खरं टोक तिथे. काटा दोन अंश वाकवायचा आणि पुन्हा टेकवून बघायचं. दोन्हीकडे 30 आले, की पट्टी काढून टाकायची.

ह्या कृतीची मला अजून गंमत वाटते. पिस्टन टोकाजवळ आळशी असतो, पण तीस अंशांवर चांगला चालता असतो. तिथे अंशभर फिरवलं तरी बोल्टला त्याचं टेकणं स्पष्ट कळतं. मोजायचं असतं टोक, पण मोजतो आपण टोकापासून लांब, दोन्हीकडे सारख्या अंतरावर उभे राहून. टोकावर आपण एकदाही जात नाही. काही जण प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर सोडून तो वर-खाली होताना पाहतात आणि थांबला की टोक मानतात. डिस्ट्रिब्यूटर ढोबळमानाने बसवायला ते पुरतं. कॅम तपासायला नाही, कारण नेमक्या त्या दहा अंशांच्या पट्ट्यात स्क्रूड्रायव्हरही ढिम्मच असतो.

कॅमचीही तीच तऱ्हा. त्याच्या उंचवट्याचं शिखर सपाट, त्यामुळे इनलेट नेमका पूर्ण कधी उघडला तेही थेट दिसत नाही. पुशरॉडच्या भोकातून डायल गेजची लांब काडी सरळ टॅपेटवर टेकवायची. जास्तीत जास्त उचल कुठे ते बघून डायल शून्यावर आणायचा. मग शिखराच्या एक मिलीमीटर अलीकडे, चढताना, तबकडीवरचे अंश वाचायचे. शिखर ओलांडून तितकाच उतरल्यावर पुन्हा वाचायचे. दोहोंचा मध्य म्हणजे कॅमचं खरं शिखर. ते पुस्तकाशी ताडून पाहता येतं, कारण व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचे अंश मॅन्युअलमध्ये असतात. समजा इनलेट टोकाच्या 16 अंश आधी उघडतो आणि खालच्या टोकाच्या 56 अंश नंतर मिटतो. मग तो एकूण 252 अंश उघडा. निम्मे 126, त्यातून 16 वजा, म्हणजे शिखर टोकानंतर 110 अंशांवर हवं.

इतका खटाटोप कशासाठी, तर त्या मिटण्यासाठी. इनलेट खालच्या टोकाला मिटत नाही, बराच पुढे मिटतो, कारण वेगात आत शिरणारा वायू पिस्टन वर वळला तरी आपल्या झोकात येतच राहतो. पण कॅम मागे पडला की मिटणंही उशिरा होतं, आणि कमी वेगात वायूला तेवढा झोक नसतो. आत आलेलं मिश्रण पिस्टन उलट इनलेटमध्येच ढकलून देतो. गाडी चढावर दम टाकते, गेजवर कॉम्प्रेशन कमी दिसतं, आणि लोक रिंगा बदलतात. नव्या रिंगा घालूनही कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखंच कमी आलं, तर मी आधी टायमिंग कव्हर खोलीन.

मागे पाडण्याचं काम चेन करते. ती झिजली की लांबते. तिची ओढणारी बाजू ताठ आणि दुसरी सैल असते, त्यामुळे क्रँक जिथे असायला हवा तिथे असतो आणि कॅम थोडा रेंगाळतो. म्हणून कॅमचे अंश वाचताना क्रँक नेहमी इंजिनाच्या चालीच्या दिशेनेच फिरवायचा. खूण ओलांडली गेली तर तेवढंच मागे आणायचं नाही. चांगला पाव फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे यायचं, नाहीतर सैल बाजूचा हिशेब आपल्या आकड्यात शिरतो. पट्टी-बोल्टाच्या वेळी उलट फिरवलं ते चालतं, कारण तिथे क्रँक आणि पिस्टनमध्ये चेन येतच नाही.

ह्या खेपेला जुनी चेन टाकून नवी चढवली, खुणा जुळवल्या, चालीच्या दिशेने दोन फेरे हाताने मारले, खुणा पुन्हा समोरासमोर. डायल लावला तर इनलेटचं शिखर पुस्तकापेक्षा दोन अंश लवकर आलं. दाता बदलून हे दुरुस्त होत नाही. कॅमच्या स्प्रॉकेटला चाळीस दाते धरले तर एक दाता म्हणजे कॅमचे नऊ अंश, क्रँकचे अठरा. औषधाची मात्रा दुखण्याच्या नऊपट. स्प्रॉकेटची चावी थोडी सरकवून कापून घेता येते, शेजारचा लेथवाला ते करूनही देईल. मी नाही केली. कॅम दोन अंश मागे असता तर करून घेतली असती. पुढे आहे, तर राहू दे. चेन हळूहळू लांबेल आणि त्याला पुस्तकातल्या आकड्यावर आणील, मग पलीकडेही नेईल. तोवर कव्हरला नवं पॅकिंग, नवं ऑइल सील, आणि डिस्ट्रिब्यूटर चौथ्याचे टॅपेट बघून.