मुरलेला रंग

रंगाचे दोन प्रकार आम्ही मानतो. एक वर बसणारा आणि दुसरा आत मुरणारा. भिंतीचा चुना, दाराचा तैलरंग, पितळी पातेल्याची कल्हई हे पहिल्या प्रकारातले. त्यांचे आणि वस्तूचे नाते शेजाऱ्यासारखे. पटले तोवर पटले, न पटल्यास पापुद्रे सुटू लागतात. संखेड्याच्या कारागिराचे काम याच जातीचे, मात्र फार वरच्या दर्जाचे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी संखेड्याचा झोपाळा किंवा पाळणा असेल. त्यावरची सोनेरी नक्षी कथलाची असते आणि तिच्यावर चढविलेल्या लाखेमुळे ती सोन्यासारखी भासते. तरीही लाख लाकडावरच राहते. लाकूड होत नाही. वस्त्राचे तसे नाही. नऊवारीच्या धाग्यात रंग शिरतो आणि धाग्याबरोबरच जुना होतो. धातू असा रंग पिईल ही कल्पना मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. ॲल्युमिनियम हा धातू तेवढा पितो, आणि त्याला तो घरच्या घरी पाजता येतो, हे आम्हांस निवृत्तीनंतर कळले.

निमित्त खेळातल्या एका मोटारीचे. आमच्या चिरंजीवांनी महाविद्यालयात असताना रिमोटवर चालणारी एक छोटी मोटार हौसेने बाळगली होती. तिचे शॉकॲब्सॉर्बर, चाकांचे हब आणि चार छोट्या टोप्या जांभळ्या ॲल्युमिनियमच्या होत्या. चिरंजीव परदेशी गेले. मोटार दांडिया बाजारातील आमच्या घराच्या पश्चिमेकडील खिडकीत अनेक उन्हाळे राहिली, आणि तो जांभळा रंग पिकल्या जांभळाचा होता तो धुतलेल्या कांद्याच्या सालीचा झाला. स्क्रूच्या चकत्यांखाली जेथे ऊन पोहोचले नव्हते, तेथे मूळ रंगाची बारीक कडी तेवढी उरली होती. दिवाळीच्या सुटीत नात यायची होती आणि तिला बाबांची ‘जांभळी मोटार’ पाहायची होती. आम्ही रंग पुन्हा देण्याचा विचार कळविला तेव्हा चिरंजीव फोनवर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “द्या बाबा, पण जुना एकदा काढला की तो परत यायचा नाही.” हे वाक्य आम्ही काम संपेपर्यंत विसरलो नाही.

या रंगाची कुळकथा थोडक्यात सांगतो. ॲल्युमिनियम उघड्यावर आले की हवेतील प्राणवायूशी संयोग पावून स्वतःभोवती ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कवच तयार करते. विजेच्या साहाय्याने हेच कवच शेकडोपट जाड करता येते. १९२३ साली इंग्लंडमध्ये समुद्री विमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचविण्यासाठी ही युक्ती प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. पुढे क्रोमिक आम्लाऐवजी गंधकाम्ल वापरण्याची पद्धत रूढ झाली. या कवचाची जाडी साधारणतः पाच ते पंचवीस मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी. पण त्याची रचना मधाच्या पोळ्यासारखी असते. उभी, अरुंद, असंख्य छिद्रे शेजारीशेजारी असतात. रंगाचे पाणी या छिद्रांत उतरते. नंतर वस्तू उकळत्या पाण्यात ठेवली की कवच पाणी शोषून फुगते, छिद्रांची तोंडे मिटतात आणि रंग आत कोंडला जातो. वर काहीच लावलेले नसते, म्हणून सोलून निघण्यासारखेही काही नसते. ऊन मात्र आत पोहोचते. सेंद्रिय रंगांचे रेणू ते हळूहळू तोडते, आणि जांभळे व गुलाबी रंग त्यात लवकर हार खातात.

नवा रंग द्यायचा तर मिटलेल्या छिद्रांत तो शिरणार नाही. जुने कवचच काढावे लागते. त्यासाठी प्रथम सर्व लोखंडी स्क्रू, बेअरिंगे आणि प्लॅस्टिकचे तुकडे वेगळे करावेत. लोखंड पुढच्या आम्लात विरघळते. मग एक लिटर पाण्यात सुमारे पन्नास ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून त्यात भाग सोडला की मिनिट-दोन मिनिटांत रंग उतरू लागतो. बुडबुडे जोराने उठू लागले म्हणजे कवच संपून धातू खाल्ला जात आहे असे समजावे आणि भाग तत्काळ बाहेर काढावा. उशीर झाल्यास आटे ढिले होतात. राहिलेली काळपट काजळी पातळ नायट्रिक आम्लाने जाते. यानंतर भागाला बोट लावायचे नाही. बोटाचे तेल जेथे लागेल तेथे डाग राहतो.

पुढचे काम विजेचे. बॅटरीत घालतात ते आम्ल तेवढ्याच शुद्ध पाण्यात मिसळावे. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नाही. भाग ॲल्युमिनियमच्याच तारेने घट्ट बांधून धनाग्राला जोडायचा आणि ऋणाग्राला शिशाचा पत्रा लावायचा. बारा व्होल्टचा पुरवठा पुरतो. दहा सेंटिमीटरच्या चौरसाएवढ्या पृष्ठभागाला एक ते दीड अँपिअर वीज लागते आणि पाऊण ते एक तास थांबावे लागते. कवच बनले की नाही याची परीक्षा सोपी आहे. मल्टिमीटरची टोके भागावर टेकवावीत. वीज वाहिली नाही तर कवच बनले, कारण ऑक्साइड वीज वाहू देत नाही.

येथे बडोद्याचे हवामान आड येते. हे द्रावण वीस अंशांच्या आसपास राहावे लागते. ते तापले तर आम्ल एकीकडे कवच बांधू देते आणि दुसरीकडे तेच विरघळवीत राहते; कवच मऊ, भुकटीसारखे होते. आम्ही मे महिन्यात पट्टीचे दोन तुकडे मुद्दाम करून पाहिले, एक बर्फाच्या घमेल्यात आणि एक तसाच. पहिल्याने रंग दाट घेतला. दुसऱ्याचा रंग अंगठ्याने पुसला गेला. तेव्हापासून शीतकपाटातील बर्फावर आमचा हक्क वाढला. ‘घरात ताकाला बर्फ मिळत नाही, ॲसिडला मिळतो,’ हा सौभाग्यवतींचा शेरा आम्ही निमूटपणे ऐकून घेतो.

रंगाचे द्रावण पन्नास ते साठ अंशांवर ठेवून भाग दहा-पंधरा मिनिटे बुडवावा. लोकर आणि रेशीम रंगविण्याचे आम्लरंग येथे चालतात. शेवटी अर्धा-पाऊण तास जवळजवळ उकळत्या, शुद्ध पाण्यात ठेवावा. ओतीव भागांचा नाद सोडावा. त्यांत सिलिकॉन बरेच असल्याने ते करडे पडतात. हे सारे उघड्या गच्चीवर, डोळ्यांना चष्मा, हातांत रबरी मोजे घालून आणि मुलांना दूर ठेवूनच करावे. कॉस्टिक सोडा डोळा घालवितो, आणि सोड्याच्या पाण्यातून व ऋणाग्रावरून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो. वापरलेले पाणी खाण्याच्या सोड्याने आम्लाचा व व्हिनेगरने अल्कलीचा जोर मारल्यावाचून मोरीत ओतू नये.

एवढा तपशील आम्ही का दिला? आमच्या घराण्यांचा एक जुना संस्कार या कामात आम्हांस आडवा आला म्हणून. गायकवाडांबरोबर आपले पूर्वज तलवार घेऊन गुजरातेत आले. पुढच्या पिढ्यांनी लेखणी धरली. बोटाला शाईचा डाग हे प्रतिष्ठेचे लक्षण ठरले आणि तेलाचा, रंगाचा डाग लागलेला हात परका वाटू लागला. आमच्या वडिलांच्या तोंडी ‘हात काळे करू नका’ हे वाक्य केवळ सदाचरणापुरते नव्हते. आम्हीही आयुष्य धारिकांवर सह्या करण्यात घालविले.

आणि हे ज्या गावात घडले त्याच गावात महाराज सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन उभारले! प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर त्याचे प्रमुख होते. रंगाई आणि तिचे रसायन, यंत्रकाम, सुतारकाम हे विषय तेथे देशी भाषेतून शिकवावेत, कारागिराच्या मुलाने विज्ञान आणि लिहित्या घरच्या मुलाने हत्यार हाती घ्यावे, हा त्यामागचा विचार होता. गज्जरांचे रंगावरील प्रभुत्व असे की, १८९६ साली चापेकर बंधूंनी मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला फासलेले डांबर पुढे त्यांनीच उतरविले. रंग चढविणे आणि उतरविणे या एकाच विद्येच्या दोन बाजू आहेत. त्यांचे शिष्य कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्या परिश्रमांतून १९०७ साली अलेम्बिकचा कारखाना जन्मास आला. त्यातले कोटीभास्कर आपलेच. दादासाहेब फाळकेही कलाभवनाचेच विद्यार्थी. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाले आणि कलाभवन त्याच्या तंत्रशास्त्र शाखेत विलीन झाले. आपली मुले तेथून अभियंते होऊन बाहेर पडली. त्याचा अभिमान आहेच. पण पदवी घरात आली, हत्यार दारातच राहिले.

त्याला अपवाद होते. विनोबांचे वडील नरहरपंत भावे हे बडोद्यात नोकरीस होते. रसायनाचे आणि रंगाईचे त्यांना वेड. कापडाचे लहानलहान तुकडे निरनिराळ्या छटांत रंगवून ते प्रयोग करीत, असे विनोबांनी आठवणींत सांगितले आहे. विनोबांच्या विरक्तीची गोष्ट आपण मुलांना सांगतो. त्यांच्या वडिलांच्या रंगीत तुकड्यांची सांगत नाही. आम्हांस मात्र गच्चीवर बसल्यावर नरहरपंतच जवळचे वाटतात. लेखणीची शिस्त त्यांनी हाताच्या कामात नेली, आणि ती शिस्त तर आपल्या घराण्यांत भरपूर आहे. दिनांक, तापमान, मिनिटे, शेरा हे रकाने आखण्यात निवृत्त कारकुनी हाताची बरोबरी कोण करील?

आमच्या वहीत आता एकेचाळीस पट्ट्या चिकटविल्या आहेत. जांभळा रंग नेमका उतरला तो एकतिसाव्या पट्टीवर; तोवर मोटारीच्या एकाही भागाला आम्ही हात लावला नव्हता. नंतर शॉकॲब्सॉर्बर, हब आणि तीन टोप्या रंगविल्या. चौथी टोपी, जिच्यावर जुन्या रंगाची कडी सर्वांत स्पष्ट होती, ती आम्ही सोड्यात घातली नाही. नातीने मोटार हाती घेताच तीच टोपी आधी हेरली आणि ही अशी का, असे विचारले. तिच्या बाबांनी टोपी काढून चकतीखालची कडी तिला दाखविली आणि बराच वेळ ते तिला काही सांगत बसले. आम्ही तेथून उठून गच्चीवर गेलो. तिला निळा रंग कसा होतो ते पाहायचे होते, आणि बर्फ आधीपासून लावून ठेवावा लागतो.