फवारणीच्या दिवसांतली पाने

पांढरकवडा, ५ सप्टेंबर २०१८
पऱ्हाटी वाढली तशी कृषी केंद्रात गर्दी वाढली. पाटणबोरीकडचा एक शेतकरी दोन औषधं मिसळून मारणार होता. मागच्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, शेकडो जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. हे त्याला ठाऊक नाही असं थोडंच आहे? चार गिऱ्हाइकांत ते ऐकवलं असतं तर अडाणी ठरल्याच्या रागात तो दुसऱ्या दुकानातून तेच घेऊन गेला असता. बिल करता करता म्हटलं, "भाऊ, आधी एकच मारून पाहा. अळी हटली तर दुसऱ्याचे पैसे वाचले." एक बाटली त्यानं परत सरकवली.

९ सप्टेंबर, पोळा
बैलांच्या तोरणाखाली मागच्या सालचा विषय निघाला. गावातले एक शिकलेले गृहस्थ म्हणाले, "मास्क, हातमोजे घालायचे नाहीत, मग असंच होणार." एक म्हातारा फवारणीवाला शांतपणे बोलला, "या उकाड्यात ते घालून दोन पंप मारून दाखवा, साहेब." गेल्या साली पऱ्हाटी डोक्याबरोबर आली होती, चार्जिंगच्या पंपाचे तुषार तोंडावर येत होते, घामानं भिजलेले कपडे विष पीत होते. 'घालत नाहीत' एवढ्या दोन शब्दांत सगळा दोष मेलेल्याच्या माथी जातो.

१२ सप्टेंबर
रस्त्यालगतच्या शेतात भरदुपारी फवारणी चाललेली, वारा समोरून. गड्याला काय सांगणार? वेळ मालकाची, औषध मालकाचं, मजुरी पंपावर. मालकाला धुऱ्यावर बाजूला घेतलं. "सकाळी मारा, वारा पाठीशी घ्या. औषध पानावर बसेल, वाया जाणार नाही."
"सकाळी कोण येते, काका? वाघीण हाय ना तिकडं."
खरंच होतं. त्या वाघिणीला, टी-१ला, मारण्याच्या आदेशात हात घालायला सर्वोच्च न्यायालयानं कालच नकार दिला. राळेगाव-पांढरकवड्याच्या रानात उजाडायला एकटं जायची कुणाची छाती नाही. माझा सल्ला पुस्तकात बरोबर, शिवारात लंगडा. शेवटी ठरलं, शेजारच्या दोन शेतांची फवारणी एकाच दिवशी धरायची. माणसं जास्त, भीती कमी. गड्याला एवढंच म्हटलं, "नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नको, बाबू. आणि भाकरीआधी साबणानं हात धू."

१७ सप्टेंबर
बाटली देताना हल्ली लेबलावरचा त्रिकोण गिऱ्हाइकाकडं करून ठेवतो. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल. पुढं पिवळा, निळा, हिरवा. आणि विचारतो, "फवारणार कोण?" 'गडी' म्हटलं की हातमोज्यांचं मला काढावं लागतं, तेही औषध वाया जाण्याच्या गोष्टीतून. 'पोरगा' म्हणणारा मात्र न सांगताच हातमोजे मागतो.