पश्चिमेची काच

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचं नाव मी नेमकं उलट्या बाजूने वापरलं, आणि तेही छापून. देऊळगाव राजात तळाला पार्किंग आणि वर चार मजले अशी इमारत व्हायची होती; नकाशा माझा. बिल्डरने प्लॉटवर मोठा फ्लेक्स लावला. निळी काच, एसीपीच्या चंदेरी पट्ट्या, दारात ताडाची झाडं आणि आपल्या रस्त्यावर कधी न दिसलेल्या मोटारी. अश्विनात बालाजीच्या यात्रेला आलेली माणसंसुद्धा थांबून बघायची. बोलणं मात्र कौतुकाचं नव्हतं.

मुंबईकर या इमारतीला उंच म्हणणार नाहीत. राष्ट्रीय इमारत संहिता 15 मीटरपासून उंच इमारत धरते, आणि मी नकाशा त्याच्या जेमतेम आत बसवला होता. तो योगायोग नव्हता. 15 च्या आत राहिलं की आग विझवण्याच्या सोयींचा बराच खर्च टळतो, हे बिल्डरला मीच शिकवलं. फ्लेक्सवर ‘टॉवर’ म्हणायचं आणि फायलीत ‘उंच नाही’ म्हणायचं, यात तेव्हा मला काही वावगं वाटलं नाही.

लोकांनी तक्रार करायची तरी कुठे? 1966 च्या नगररचना कायद्यानुसार शहराच्या विकास आराखड्यावर हरकती मागवतात. एकेका इमारतीच्या नकाशावर कुणी मागवत नाही. त्यामुळे वाद झाला तो चहाच्या टपरीवर आणि एका स्थानिक साप्ताहिकात. एका निवृत्त गुरुजींनी पत्र लिहिलं: पश्चिमेला एवढी काच लावल्यावर चैत्र-वैशाखात घरात बसायचं कसं? मला ते गावंढळ वाटलं. मी ऐटीत उत्तर दिलं की मुंबईत कंबाला हिलवर कोरियांची ‘कांचनजंगा’ 1983 पासून उभी आहे, 28 मजली, 84 मीटर उंच. आणि आपण चार मजल्यांना बिचकतो. मी त्या इमारतीचा फक्त फोटो पाहिला होता.

टपरीवर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, “इंजिनेर साहेब, वरच्या मजल्यावर माणूस मेला तं खाली कसा आणता?” सगळे हसले. मीही हसलो, आणि म्हणालो, “बाबा, लोक राहायला येणार आहेत, मरायला नाही.” या वाक्याला टाळी मिळाली होती, म्हणून ते अजून पाठ आहे.

प्रश्न शुद्ध मापांचा होता. जिना मी नियमात बसेल एवढाच ठेवला होता. वाचलेली जागा हॉलला दिली, कारण हॉल विकला जातो, जिना विकला जात नाही. सहा जणांच्या लिफ्टमध्ये माणूस आडवा मावत नाही. पुढे वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ रात्री वारले. लँडिंगवर स्ट्रेचर वळेना. शेवटी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, छातीला धोतर बांधून त्यांना खाली आणलं. मी खाली पार्किंगमध्ये उभा होतो. मला कुणी काही बोललं नाही. त्या घरच्यांना तर जिना कुणी काढला हेही ठाऊक नसावं.

काचेचं उत्तर लोकांनी स्वतःच शोधलं. आमचा भाग भाजीपाला बीजोत्पादनाचा. शेडनेट घरोघरी पडलेलं. पहिल्याच उन्हाळ्यात निळ्या काचेवर बाहेरून हिरवी शेडनेट चढली, मजल्यागणिक वेगवेगळी, काही फाटकी. बिल्डर चिडला, एलिव्हेशन खराब झालं म्हणून. मीही सोसायटीला सूचना लिहून दिली की दर्शनी भागावर काही टांगू नये. ही चूक मला जिन्याहून जास्त लाजिरवाणी वाटते. जिना काढताना मला कळत नव्हतं. सूचना लिहिताना त्या खोल्यांमध्ये दुपारी बसून आलो होतो.

त्यानंतर कधीतरी कांचनजंगाचा उभा छेद नीट पाहिला. मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेला, पण तापलेलं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. कोरियांनी खोल्या आत घेतल्या, कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या गच्च्या कोरल्या, जुन्या बंगल्याचा व्हरांडा वर नेला. दक्षिणेचं ऊन छज्जा अडवतो. पश्चिमेचं ऊन आडवं घुसतं, त्याला भिंतीत खोलीच लागते. म्हणजे गुरुजी जे विचारत होते, त्याचंच उत्तर त्या इमारतीत होतं. शिवाय हेच कोरिया त्याच दशकात नवी मुंबईत बेलापूरला अंगणाभोवतीची बुटकी, दाट घरं बांधत होते आणि आपल्याकडच्या घरांना उंचीची गरज नाही असं मांडत होते. मी साक्षीदार आणला होता तो समोरच्या पक्षाचा.

त्याच साप्ताहिकात खुलासा द्यायला हवा होता. मसुदा लिहिलाही, कामं जातील या भीतीने पाठवला नाही. गुरुजी अजून बाजारात भेटतात, मी पावसापाण्याचं बोलतो.

मध्यंतरी जालना रस्त्यावरच्या एका कामासाठी मी जिना रुंद धरला आणि पश्चिमेला खोल गॅलरी दिली. प्रत्येक मजल्यावर विकायची जागा घटली. मालक दुसऱ्याकडे गेले. त्यांचा मंजूर नकाशा नंतर माझ्या हाती आला. जिना ओळखीचा वाटला म्हणून मापं ताडून पाहिली, तर तो माझ्याच जुन्या इमारतीचा होता, लँडिंगसकट.