चुन्याचीं वर्तुळें

इ. स. २०२० च्या चैत्रांत, टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यांत, पुण्यांत आमच्या गल्लींतील वाण्याच्या दुकानापुढें चुन्याचीं वर्तुळें आखलीं गेलीं. एका वर्तुळांत एक मनुष्य, असा संकेत. काठी नाहीं, दवंडी नाहीं. नुसती पांढरी रेघ. आणि रांगेंत घुसणें ही ज्यांची जुनी खोड, ते आम्ही सारे निमूटपणें त्या वर्तुळांत जाऊन उभे राहिलों! रिचर्ड थेलर व कॅस सनस्टीन यांनीं २००८ सालीं ग्रंथ लिहून जी युक्ति लोकप्रिय केली ती हीच: सक्ति न करतां, दंड न लावतां, माणसाला हलकेंच कोपर लावून इष्ट वाटेकडे वळवावें. मनुष्य जमाखर्च मांडून वागत नाहीं, संवयीनें व शेजाऱ्याकडे पाहून वागतो, हें या शास्त्राचें बीज. थेलर यांस २०१७ सालीं नोबेल पारितोषिकहि मिळालें.

चार दिवसांनीं वर्तुळांत माणसें दिसेनात. एकांत पिशवी, दुसऱ्यांत चप्पल, तिसऱ्यांत विटेचा तुकडा. आणि त्यांचे धनी पलीकडच्या पिंपळाखालीं खांद्याला खांदा लावून गप्पा मारीत. आम्हीहि त्यांतच होतों. अंतर पाळलें तें आमच्या पिशव्यांनीं!

लोक लवकर कंटाळतात, असा निष्कर्ष यावरून काढणें सोपें आहे. निर्बंध फार लवकर लादल्यास लोक थकतील, ही भीति त्याच मार्चांत इंग्लंडांतील अधिकाऱ्यांनीं बोलून दाखविली होती. या थकव्याला पुरावा काय, असें विचारणारें पत्र मनोव्यवहाराच्याच सहाशेंहून अधिक अभ्यासकांनीं सह्या करून प्रसिद्ध केलें. पुढें २३ मार्चला टाळेबंदी आली, आणि बहुसंख्य लोकांनीं ती पाळली. आमच्या गल्लींतहि कोणी कंटाळलें नव्हतें. ऊन रणरणत होतें आणि सावली एकाच झाडाला होती, इतकेंच. वर्तुळें आखणारानें माणसाचें मन ओळखलें होतें. वर पाहावयाचें मात्र राहून गेलें.

त्याच उन्हाळ्यांत पश्चिम बंगालमध्यें अभिजित बॅनर्जी यांचे सुमारें अडीच मिनिटांचे चित्रित संदेश अडीच कोटी लोकांच्या दूरध्वनीवर धाडण्यांत आले, आणि आरोग्यसेविकांना लक्षणें कळविण्याचें प्रमाण दुप्पट झालें. बोलणारा ओळखीचा आणि आपल्याच प्रांतांतला होता. शिवाय ज्यांना कळवावयाचें त्या बाया गांवांतल्याच होत्या. हें दुसरें कारण आम्हांस अधिक वजनदार वाटतें.

आमच्या घरीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंना "येऊं नका" असें सांगावयास आम्हीं दूरध्वनि केला. घंटेऐवजीं आधीं सरकारी खोकला व उपदेश ऐकावा लागला. मग त्यांना आम्हीं तोच उपदेश पुन्हां केला: घरांतहि जरा अंतर ठेवून राहा.

"काका," त्या म्हणाल्या, "दहा बाय दहाची खोली अन् सात माणसं. अंतर कुठं ठेवायचं?"

पहिल्या महिन्याचा पगार आम्हीं पोंचता केला. दुसऱ्या महिन्याचा "पाहूं उद्यां" म्हणतां म्हणतां राहिला. त्यांनीं मागितला नाहीं. आम्हांसहि कोणी कोपर लावलें नाहीं. पुढें त्या कामावर आल्या, तेव्हां पाकीट त्यांच्या हातीं ठेवलें. त्यांनीं तें न उघडतांच कमरेला खोंचलें आणि भांड्यांकडे वळल्या.