पहिल्या कन्सोलनंतर काय घ्यायचं? नव्या डीजेला अनावृत पत्र

प्रिय मित्रा,



डीडीजे-एफएलएक्स4 हा तुझा पहिला कन्सोल. तो हाताखाली पुरता बसलेला नाही, तोच चार चॅनेलचा कन्सोल, सेराटोचं पैसे भरून मिळणारं व्हर्जन आणि नवा लॅपटॉप अशी यादी घेऊन तू हप्त्यांची चौकशी करू लागलास. मी हॉलमध्ये साउंड सांभाळणारा माणूस. तुम्ही पोरं वाजवता ते माझ्या मिक्सरमधून लोकांपर्यंत जातं, त्यामुळे कुणाचं कुठे कमी पडतंय ते मला आधी ऐकू येतं. चॅनेल कमी पडले म्हणून कुणाचा कार्यक्रम पडलेला मी पाहिलेला नाही. खराब फायली, लांबच लांब आरसीए वायर आणि चुकलेली बीटग्रिड यांनी मात्र चांगल्या चांगल्या पोरांची हळद फिकी केली आहे.

म्हणून पहिला खर्च गाण्यांवर कर. यूट्यूबवरून उतरवलेलं गाणं घरातल्या छोट्या स्पीकरवर खपून जातं. अठरा इंची बेस लावलेल्या सिस्टिमवर त्याच्या टाळ्या आणि झांजा चरचरतात, आणि मी ईक्यू कितीही फिरवला तरी फायलीत जे नाहीच ते परत आणता येत नाही. 128 केबीपीएसची फाइल 320 म्हणून पुन्हा सेव्ह केल्यानेही ती सुधारत नाही. रीतसर विकत घेतलेली 320ची एमपी3 किंवा वेव्ह घे आणि ती लॅपटॉपवर ठेव. गावाबाहेरच्या मंगल कार्यालयात नेटवर्कच्या भरवशावर स्ट्रीमिंग करू नकोस.

आता ज्यावर सगळ्यात जास्त बोलायला हवं ते. आपल्याकडच्या डीजेचा कस लागतो तो जुन्या मराठी गाण्यांत. ही गाणी वादकांनी एकत्र बसून वाजवलेली आहेत, यंत्राच्या ठोक्यावर नाही. लावणीत ढोलकीवाला लय चढवत नेतो. सॉफ्टवेअर पहिल्या काही ठोक्यांवरून एकच बीपीएम धरून बसलं, तर तिसऱ्या कडव्यापर्यंत ग्रिड ठोक्यापासून सरकलेली असते. कोळीगीतांची अडचण वेगळी. त्यांचा ठेका बहुतेकदा सहा मात्रांच्या अंगाने जातो आणि सॉफ्टवेअर सगळं चाराच्या हिशेबात मोजतं, म्हणून मिळणारा आकडा कधी दीडपट तर कधी भलताच निघतो. अशा गाण्यावर सिंकचं बटण दाबलं की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. महागडा कन्सोल आणलास तरी हे असंच होणार, कारण ग्रिड सॉफ्टवेअरमध्ये असते. रेकॉर्डबॉक्समध्ये विश्लेषणाची सेटिंग ‘नॉर्मल’वरून ‘डायनॅमिक’ केली की बदलती लय बरीचशी पकडली जाते. त्यानंतर कान लावून ग्रिड हाताने तपास, आणि गाण्यातून बाहेर पडायच्या जागी, शक्यतो ढोलकीच्या तुकड्यावर, हॉट क्यू ठेव. लग्नात हमखास मागितली जाणारी गाणी अशी तयार केलीस की तुझं वाजवणं बदललेलं मला मिक्सरवर लगेच कळेल. यासाठी एक रुपया लागत नाही. एफएलएक्स4 जोडला की रेकॉर्डबॉक्सचा परफॉर्मन्स मोड फुकट उघडतो.

हे झालं की हेडफोन. बंद कपांचे आणि वायरचे घे. ब्लूटूथमधून आवाज उशिरा पोचतो, त्यावर ठोका जुळवता येत नाही. सेनहायझरचा एचडी 25 हा 1988पासून बाजारात आहे आणि अजून डीजेंच्या मानेवर दिसतो, कारण त्याची वायर, गाद्या, कप सगळं सुटं बदलता येतं. तेवढं बजेट नसेल तर दुसरा घे, पण वायर काढता येईल असाच.

हेडफोनबरोबर संगीतकार वापरतात तसे इअरप्लगही घे. हे मी कळकळीने सांगतोय. 85 डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरली, तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात. वरातीत तू स्पीकरच्या भिंतीजवळ तासन्‌तास उभा असतोस. कानात शिट्टी वाजू लागली की ती कायमची राहू शकते, आणि गेलेला कान कुठल्याच दुकानात मिळत नाही.

आता वायरीबद्दल. एफएलएक्स4चा मास्टर आउट आरसीए आहे. तिथून माझ्या मिक्सरपर्यंत वीस-पंचवीस फूट आरसीए ओढलीस की ती वाटेतली लाइट, डिमर, जनरेटर यांची घरघर गोळा करत येते, आणि लॅपटॉपचा चार्जर लावला की हम वाढतो. पोरांना वाटतं कन्सोलच हलका आहे. खरं तर दोन चॅनेलचा पॅसिव्ह डीआय बॉक्स कन्सोलशेजारी ठेवून पुढे एक्सएलआर ओढली की काम होतं. त्यातला ट्रान्सफॉर्मर अर्थिंगचा हमही तोडतो. नव्या कन्सोलच्या मानाने ही किंमत किरकोळ आहे. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला चांगल्या वायरी मिळतात. यूएसबीची एक जास्तीची वायरही बॅगेत असू दे.

लॅपटॉप बदलण्याआधी त्यात एसएसडी बसवता येते का, रॅम 16 जीबी करता येते का ते बघ, आणि बफर वाढवून बघ. 44,100च्या सॅम्पल रेटला 512 सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण 12 मिलिसेकंद. लग्नात तेवढा उशीर कुणाला जाणवत नाही. आवाज मध्येच तुटला की सगळ्यांना जाणवतो. मॅक असेल तर आणखी एक सांभाळ. नवी मॅकओएस साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते आणि तुळशीचं लग्न लागलं की आपला हंगाम सुरू होतो. सॉफ्टवेअर कंपनीने हिरवा कंदील दाखवल्याशिवाय अपडेट दाबू नकोस.

सॉफ्टवेअरवर पैसे कधी घालायचे हे तुला कुठे वाजवायचंय त्यावर ठरव. लोअर परळ किंवा वागातोरच्या क्लबांचं स्वप्न असेल तर रेकॉर्डबॉक्स सोडू नकोस. तिथे सीडीजे असतात आणि तुझा कन्सोल घरीच राहतो. रेकॉर्डबॉक्समधून एक्स्पोर्ट केलेले, एफएटी32मध्ये फॉरमॅट केलेले दोन पेनड्राइव्ह खिशात असले की झालं. उरलेल्या पैशात भाड्याच्या स्टुडिओत सीडीजेवर हात बसव. लग्नंच करायची असतील तर सेराटो प्रोचा विचार जरूर कर. 2022च्या अखेरीस आलेल्या 3.0मध्ये स्टेम्स आले, गाण्यातला आवाज आणि वाद्यं वेगळी करता येऊ लागली. जुन्या रेकॉर्डिंगवर मात्र त्याचे ओरखडे ऐकू येतात, आणि लॅपटॉपवर ताणही पडतो. आधी ट्रायल घेऊन तुझ्याच गाण्यांवर ऐक.

मोठे स्पीकर आणि लाइट विकत घेऊ नकोस, भाड्याने आण. रात्री 10 वाजता बंद होणाऱ्या गोष्टीचे हप्ते वर्षभर कशाला भरायचे?

चार चॅनेलचा कन्सोल तू एक दिवस घेशीलच. लूप, ढोलकी आणि गाणं एकाच वेळी हाताखाली हवं असं कार्यक्रमात वारंवार वाटू लागलं, किंवा मॉनिटरसाठी वेगळा बूथ आउट लागू लागला, की बेलाशक घे. आज तुझी ती अडचण नाही. तेव्हा हप्त्याच्या कागदावर सही करू नकोस. येत्या हंगामासाठी गाणी, हेडफोन, इअरप्लग आणि डीआय बॉक्स एवढंच घे, आणि पुढच्या हळदीला तासभर लवकर ये. लाइन चेक आपण दोघं मिळून करू.

तुझा,
हॉलवरचा साउंडवाला