आजारी माशांचे वेगळे घर

हाटपिपल्यास समुद्र नाही. डोल ग्यारशीला नृसिंहाची पाषाणमूर्ती तरते ती भमोरी नदीच्या गोड्या पाण्यावर. अशा गावी समुद्रातील मासे पाळावयाचे, तर समुद्रही घरीच सिद्ध करावा लागतो. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम सागरी क्षार. स्वयंपाकाचे मीठ येथे उपयोगी नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या पेटीतील एका माशाच्या अंगावर साखरेचे कण भुरभुरावेत तसे पांढरे ठिपके उमटले. तो दगडांना अंग घासू लागला. चार-पाच दिवसांत ठिपके गेले आणि घरात आनंद झाला. हा आनंदच घातक असतो. क्रिप्टोकॅरिऑन नावाचा हा परजीवी पोट भरले की माशाला सोडून तळाशी जातो, कवच धारण करतो, आणि आत एकाचे शेकडो होऊन पुन्हा माशांच्या शोधात निघतात. आठवड्याभरात पाचही मासे ठिपक्यांनी भरले, एक दगावला.

त्यावर उतारा तांब्याचा. रोज तांब्याच्या पळीने तीर्थ घेणाऱ्यांस याचे नवल वाटणार नाही. परंतु येथे मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, आणि तीही दररोज मोजावयाची. कमी पडली तर रोग राहतो, अधिक झाली तर मासा जातो. पोवळी आणि झिंगे यांना तर एवढेही तांबे विषच. म्हणून औषध मोठ्या पेटीत घालता येत नाही. साठ लिटरांची दुसरी पेटी मांडावी लागते. तीत वाळू नाही, दगड नाही, कारण चुनखडीचे दगड तांबे शोषून घेतात. लपावयास प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे, पाणी तापविण्याचे साधन, आणि मोठ्या पेटीत आधीपासून मुरत ठेवलेला स्पंज. त्या स्पंजातील जीवाणू नसतील, तर माशांच्याच मलमूत्रातील अमोनिया त्यांना मारतो.

वडीलधाऱ्यांस ती उघडी, बोडकी पेटी पाहवेना. ‘दुखणाइतास असे बाहेर काढतात का?’ असे आम्हांस विचारण्यात आले. १८९७ च्या प्लेगच्या छावण्यांपासून वेगळे ठेवणे म्हणजे टाकून देणे, ही समजूत आपल्या घरांत मुरली आहे. आम्ही पुरीच्या जगन्नाथाचे उदाहरण दिले. ज्येष्ठी पौर्णिमेच्या स्नानानंतर देव आजारी पडतो, पंधरवडाभर एकांतात राहतो, सेवक त्यास औषध देतात. दर्शन बंद असते. सेवा बंद नसते. त्या दिवसापासून सकाळचे पाणी बदलण्याचे काम आजींनी आपल्याकडे घेतले.

चौघेही मासे बरे दिसत होते, तरी मोठी पेटी आम्ही अकरा आठवडे माशांवाचून ठेवली. यजमान न मिळाल्यास परजीवी उपाशी मरतो, त्यास एवढा अवधी द्यावा लागतो. पाहुणे येत, दिव्याखाली नुसती पोवळी पाहत, आणि मासे कोठे आहेत म्हणून विचारीत. आजी त्यांना मागच्या खोलीत नेत.