बायोडाटामधलं एक वर्ष

प्लेसमेंटचा सीझन जवळ आला की होस्टेलमध्ये दोनच विषय, अ‍ॅप्टिट्यूड आणि गॅप. पहिल्याची पुस्तकं मिळतात. दुसऱ्याबद्दल सीनियर्स कानात सांगतात, "सीईटी रिपीट केली म्हण, विषय संपला."

मित्रांनो, माझा गॅप २०२२-२३ चा. त्या जुलैत वर्धा आणि पैनगंगेला मोठा पूर आला, राजुरा-बल्लारपूर रस्ता बंद पडला आणि आमच्या कोरपन्याकडची नदीकाठची कपाशी, सोयाबीन पाण्याखाली गेली. आमचंही चार एकर. फीचे पैसे दुबार पेरणीत गेले. (८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची फी २०२४-२५ पासून माफ झाली. दोन वर्षं आधी झाली असती तर हा लेखच नसता!)

मग मी एका जिनिंगमध्ये काट्यावर पावत्या लिहायला लागले. भरलेली गाडी चढली की ग्रॉस, रिकामी होऊन आली की टेअर, आणि वजाबाकी म्हणजे शेतकऱ्याचं वर्ष. सकाळी दवामुळे कापसात ओलावा जास्त दाखवतो, म्हणून जाणते लोक दुपारी गाडी लावायचे. सीसीआयच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, १२ च्या वर खरेदीच नाही, हे तिथेच कळलं. आदल्या हंगामात भाव दहा हजारांच्या वर गेला होता, म्हणून त्या वर्षी पुष्कळांनी कापूस घरातच भरून ठेवला. घरभर कापूस, अंगाला खाज, आणि भाव उलट उतरत गेला. एप्रिलमध्ये तोच कापूस घेऊन आलेल्या माणसाच्या हातात पावती देताना मान वर करवत नसे.

पुढे सेकंड इयरला मॅडम फळ्यावर स्ट्रेन गेजचा व्हीटस्टोन ब्रिज काढत होत्या, तेव्हा मला लोडसेलवर उभा असलेला ट्रॅक्टरच दिसत होता.

प्रवेशाच्या वेळी गॅपचं प्रतिज्ञापत्र दिलं. त्यात काय, तर या काळात मी कुठे प्रवेश घेतला नाही आणि बेकायदेशीर काम केलं नाही. म्हणजे काय केलं नाही तेवढंच. काय केलं, याला रकानाच नाही!

मुलाखतीत मात्र तेच विचारतात. इंटर्नशिपच्या मुलाखतीत मी सरळ "काट्यावर होते" म्हटलं. समोरच्या सरांनी लगेच विचारलं, काटा बरोबर आहे हे कसं ओळखाल? तेच वजन मधे आणि दोन्ही टोकांना ठेवून बघायचं, आकडा सारखा यायला हवा, आणि वैधमापनवाल्यांचा शिक्का. त्यावरच दहा मिनिटं गेली. इंटर्नशिप मिळाली नाही, कोडिंगच्या फेरीत गेली. पण सीईटीचं सांगितलं असतं तर पुढच्या प्रश्नाला माझ्याकडे बोलायला काय होतं? तारखा तर मार्कशीटवर असतातच. आणि एका वर्षाने एवढं घाबरायचं कशाला? टीसीएसच्या फ्रेशर भरतीतसुद्धा शिक्षणातला खंड २४ महिन्यांपर्यंत चालत आलाय.

आईला मात्र बायोडाटात जिनिंग नको. "लोकं काय म्हनतीन, पोरगी काट्यावर बसत होती म्हणून?" बाबा म्हणाले, "लिहू दे न व. पगार घेतला तिनं, चोरी नाही केली."

सध्या ती ओळ अशी आहे: नोव्हेंबर २०२२ ते एप्रिल २०२३, वजनकाटा नोंदणी, कापूस जिनिंग, ता. कोरपना. पगाराचा आकडा लिहायचा की नाही, यावर घरी अजून वाद चालू आहे.